निगेटिव्ह काच

"तिथलं पाणी लागतं," आजी म्हणाली आणि जपमाळ खाली ठेवली. एवढं तिने आजोबा गेल्याचं कळलं तेव्हाही केलं नव्हतं, असं आई नंतर सांगायची.

साल १९९१. अंबाजोगाईहून एमबीबीएस होऊन मी लातूरला घरी आले होते आणि पहिल्याच नेमणुकीचा कागद हातात पडला होता: किनवट तालुक्यातलं एक प्राथमिक आरोग्य केंद्र. आमचं मूळ गाव औसा तालुक्यातलं. आमच्याकडे किनवट म्हणजे सरकारी नोकराला शिक्षा म्हणून पाठवायची जागा. १९५६ पर्यंत हा भाग आदिलाबाद जिल्ह्यात होता, भाषावार प्रांत झाले तेव्हा नांदेडला जोडला गेला. पैनगंगा, सागाचं जंगल, गोंड, कोलाम आणि आंध यांची गावं, मध्ये मध्ये बंजाऱ्यांचे तांडे. मुदखेडहून मीटरगेजची गाडी भोकर, हिमायतनगर, सहस्रकुंड करत निघायची. उतरलेल्या माणसाला आपण फार लांब आलो आहोत याची खात्री पटेल, इतका वेळ घ्यायची.

आजीचं निदान तसं फार चुकलं नव्हतं. पाणी लागत नाही, पाण्यात वाढलेला डास लागतो, एवढाच फरक. गंमत म्हणजे तो फरक पहिल्यांदा कळला तो आमच्याच तेव्हाच्या राज्यात. २० ऑगस्ट १८९७ ला सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला. लातूर, नांदेड आणि सिकंदराबाद तेव्हा एकाच निजामाच्या मुलखात होते. रॉससाठी मच्छरदाणीत झोपून डासांकडून चावून घेणाऱ्या हुसेन खान नावाच्या रुग्णाला डासामागे एक आणा मिळायचा. हे मला वैद्यकीय महाविद्यालयात कुणी शिकवलं नाही. किनवटला मामांनी सांगितलं, आणि वर म्हणाले, "आम्हाला रक्ताच्या काचेमागं तेवढं बी भेटत नाही."

मामा आमच्या केंद्रातले आरोग्य सेवक होते, म्हणजे मूळचे हिवताप खात्यातले सर्व्हेलन्स वर्कर. साठच्या दशकात, राष्ट्रीय हिवताप निर्मूलन कार्यक्रम ऐन जोरात असताना, ते फवारणी कामगार म्हणून लागले. १९५३ ला देशात मोहीम सुरू झाली तेव्हा वर्षाला साडेसात कोटी माणसांना हिवताप होतो आणि आठ लाख मरतात असा अंदाज होता. अमेरिकेच्या मदतीतून डीडीटी आली, पंप आले, गाड्या आल्या. १९६५ पर्यंत आकडा लाखावर उतरला. मामांना डीडीटीच्या डब्यांवरचं चित्र आठवायचं: एकमेकांत गुंतलेले दोन हात. "एक हात अमेरिकेचा, एक आपला, असं साहेब सांगायचे. पर त्या दोन्हींतला कोणता हात कुणाचा, हे कधी कळालं नाही बघा." रोग संपला की तुमची नोकरीही संपणार, असं सांगूनच त्यांची भरती झाली होती. रोग संपला नाही. १९७६ ला देशभरात चौसष्ट लाखांवर रुग्ण निघाले आणि मामा नोकरीत राहिले. या गोष्टीची त्यांना आयुष्यभर थोडी लाज वाटायची.

मी केंद्रात गेले तेव्हा हिवतापाबद्दल मला पुस्तकातलं सगळं येत होतं आणि कामातलं काहीच येत नव्हतं. बोट टोचणं ही काय शिकायची गोष्ट आहे? पण मामांना ते करताना पाहिलं आणि मी गप्प झाले. डाव्या हाताची करंगळीशेजारची अनामिका. आधी ती आपल्या मुठीत थोडा वेळ धरायची, कारण थंडी वाजणाऱ्या माणसाचं बोट गार असतं आणि गार बोटातून रक्त येत नाही. स्पिरिटचा बोळा फिरवायचा आणि वाळू द्यायचा, फुंकर मारायची नाही. टोचायचं ते बोटाच्या पोटावर नाही, किंचित कडेला, म्हणजे बाईला दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना दुखत नाही. पहिला थेंब पुसून टाकायचा. दुसरा काचेवर घेऊन दुसऱ्या काचेच्या कोपऱ्याने गोल फिरवायचा, तो जाड थर. शेजारी तिसरा थेंब काचेच्या कडेने एका झटक्यात ओढायचा, तो जिभेसारखा पातळ थर. तो वाळला की त्या पातळ थरावरच, रक्तावरच, शिसपेन्सिलीने नंबर लिहायचा. शाईने लिहिलेलं रंगवताना धुऊन जातं, पेन्सिल राहते. मामांच्या खाकी पिशवीत ती पेन्सिल कायम असायची, दोन बोटांत जेमतेम मावेल एवढी झिजलेली.

फवारणीचंही तसंच. मी नियमावलीतलं वाचायची: नळी भिंतीपासून पंचेचाळीस सेंटिमीटर, दहा लिटर पाण्यात एक किलो पन्नास टक्क्यांची पावडर. मामा मान डोलवायचे. मग हळूच सांगायचे की हे सगळं बरोबर आहे, पण पोळ्याच्या आधी फवारलं तर बाया सणाला भिंती पोतारतात, शेणामातीने सारवतात, की गेली पावडर शेणाखाली. सारवू नका, असं कुणाला सांगायचं? ज्या बाईचं घर सणाला सारवलेलं नाही तिला गाव नावं ठेवतं. मग मामांनी काय करावं? फवारणीचा दिवस ठरवण्याआधी ते गावात जाऊन बायांना विचारत, सारवण कधी करणार. त्यानुसार तारीख. आमच्या वरच्या कार्यालयाला हा क्रम अजिबात पसंत नव्हता, कारण कार्यक्रमपत्रिका छापून आलेली असायची.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले तिच्याकडे येते. टाळत होते हे कबूल करते.

लोकसंख्येच्या दहा टक्के रक्तनमुने वर्षाला तपासले गेले पाहिजेत, असा नियम. ताप आलेल्यांचेच, हे अध्याहृत. मार्चअखेर आला आणि आमच्या केंद्राच्या चारेकशे काचा कमी पडल्या. मी सव्वीस वर्षांची होते, केंद्राची प्रमुख होते आणि आढावा बैठकीत उभं राहून बोलणी खाण्याची मला भीती वाटत होती. मी कुणाला 'खोटं करा' म्हणाले नाही. "बघा काहीतरी, आठ दिवसांत झालं पाहिजे," एवढंच म्हणाले. सरकारी नोकरीत एवढं पुरतं.

आठ दिवसांत काचा आल्या. मामांनी आणल्या त्या बावीस. दुसऱ्यांच्या मिळून साडेतीनशेच्या वर. मामांनी त्यातलं एक पुडकं सोडलं, चार-पाच काचा खिडकीच्या उजेडात धरल्या आणि म्हणाले, "म्याडम, ह्या पन्नास माणसांच्या नाहीत. दोघा-तिघांच्या हैत."

"कशावरून?"

"लेकराचं रक्त पातळ असतंय, पिवळसर दिसतंय. तापातला माणूस हात हालवतो, थर फाटतो. कुणाचा थेंब मोठा पडतो, कुणाचा बारका. हिथं बघा, सगळे थेंब एका मापाचे. बसून केलेलं काम हाय. अन् नंबर बघा, सगळे एकाच तिरप्यात."

मी बघितलं. ते म्हणत होते तसंच होतं. आणि तरीही मी त्या काचा पाठवल्या. सही माझी.

प्रयोगशाळा तंत्रज्ञ एकच. त्याने प्रामाणिकपणे प्रत्येक काच रंगवली, प्रत्येकीची शंभर क्षेत्रं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, रक्तात काहीच नाही म्हणून लिहिलं. त्या ढिगाखाली एका कोलाम गुड्यावरच्या सहा खऱ्या काचा अकरा दिवस अडकून राहिल्या. त्यातली एक सहा महिन्यांच्या गरोदर बाईची होती. फाल्सिपेरम. निकाल हातात आला तोवर तिला बैलगाडीतून आणि मग जीपमधून नांदेडला न्यावं लागलं होतं. ती वाचली. पोटातलं मूल वाचलं नाही.

मामा मला एक शब्द बोलले नाहीत. मी त्यांना विचारलं, की तुम्ही रागावत का नाही? ते म्हणाले, "मी काय रागावू? मी बी त्या काचा उचलून फेकल्या नाहीत की." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एक गोष्ट जास्त नेमाने करायला सुरुवात केली. ती ते आधीही करायचे, पण माझं लक्ष गेलं नव्हतं. ज्यांची काच निगेटिव्ह आली त्यांच्या घरी जाऊन तेही सांगायचे. पॉझिटिव्ह आलेल्याकडे तर जावंच लागतं, समूळ उपचाराच्या गोळ्या द्यायच्या असतात, प्रायमाक्विन डोळ्यांसमोर गिळवायची असते. निगेटिव्ह माणसाला कोण सांगतं? मी पाहिलेल्या कुठल्याच कार्यक्रमात त्यासाठी रकाना नव्हता. मामा चार-चार किलोमीटर चालत जाऊन सांगायचे, "माय, तुझ्या रक्तात हिवताप नाही. ताप दुसऱ्या कशाचा असंल, दवाखान्यात ये."

मी म्हटलं, "मामा, एवढा वेळ कशाला घालवता?"

"बोट त्यांचं टोचलं ना म्याडम. मग उत्तर बी त्यांचंच."

खोट्या काचा रोखायचा याहून मोठा उपाय मी पुढे तीस वर्षांत पाहिला नाही. उत्तर द्यायला ज्याच्या दारात जायचं आहे, तो माणूस खरा असावा लागतो.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री अनंत चतुर्दशीचं विसर्जन झालेलं. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीला भूकंप झाला. किल्लारी आमच्याच औसा तालुक्यातली. किनवटला मला बातमी सकाळी रेडिओवर मिळाली. फोन लागत नव्हते. महिनाअखेर, माझ्याकडे पन्नास रुपये. मामांनी घरी जाऊन तीनशे रुपये आणले आणि नुसते दिले नाहीत, सोबत आले. वाटेत त्यांनी मला एकदाही 'काही होत नाही' असं खोटं सांगितलं नाही. आमचं गावचं घर पडलं होतं. दगडमातीच्या दीड हाताच्या भिंती, वर मातीचं माळवद, म्हणजे माणूस झोपेतच गाडला जाणार. आई-वडील लातूर शहरात होते म्हणून वाचले. चुलते, चुलती आणि त्यांची धाकटी मुलगी गेली. सगळ्या भागातली मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली.

पाऊस चालूच होता. पुढे पत्र्याच्या तात्पुरत्या शेडमध्ये गावं बसली तेव्हा सगळीकडे पाण्याच्या टाक्या, पिंपं, चिखलाचे खड्डे. मामांनी रजा वाढवली आणि त्या शेडमधून तापाच्या काचा घेत फिरले. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, त्यांचा जिल्हाही नव्हता. माझ्या आजीची काच त्यांनीच घेतली. निगेटिव्ह आली आणि हा माणूस तिला ते सांगायला आला, तेव्हा आजी म्हणाली, "किनवटचं पाणी चांगलं दिसतंय की."

तीनशे रुपये मी दिवाळीनंतर द्यायला गेले. "राहू द्या, व्याज वाढू द्या," म्हणाले. दोनदा दिले, दोनदा परत आले.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते कुठल्याही बायोडेटात सापडेल. सार्वजनिक आरोग्यातलं पदव्युत्तर शिक्षण, सरकारी नोकरीचा राजीनामा, मग परदेशी निधीवर चालणाऱ्या आरोग्य प्रकल्पांत नोकऱ्या, आणि अखेर आफ्रिकेत मलावीमध्ये एका हिवताप नियंत्रण प्रकल्पाची प्रमुख. त्या देशाने आपल्या किल्लारीच्या वर्षीच, १९९३ ला, क्लोरोक्विन सोडलं होतं. जंतू त्याला दाद देईनासे झाले होते. आफ्रिकेत हे पाऊल उचलणारा तो पहिला देश. आणि औषध बंद केल्यावर दहा-बारा वर्षांत तिथल्या जंतूंवर क्लोरोक्विन पुन्हा चालू लागलं, हे आमच्या धंद्यातलं एक आश्चर्य.

मलावीत हिवतापाला 'मलुंगो' म्हणतात. मलुंगो म्हणजे सांधेसुद्धा. आपण रोगाला थंडीवरून नाव दिलं, त्यांनी सांधेदुखीवरून. तिथे मला सगळे 'अमायी' म्हणायचे. चिचेवा भाषेत त्याचा अर्थ आई, बाई. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, मागून कुणी नांदेडचंच माणूस 'अगं माय' म्हणतंय.

देणगीदारांना मच्छरदाण्यांचा हिशेब तिमाहीला हवा असायचा. गावोगावचे आरोग्य निरीक्षण सहायक, म्हणजे तिथले मामाच, याद्या भरून पाठवायचे: कुटुंबप्रमुख, माणसं, दाण्या, अंगठा. एका दुपारी मी एका वस्तीची यादी चाळत होते आणि हात थांबला. साठ अंगठे. सगळे एका मापाचे, सगळे एकाच तिरप्यात. खिडकीशी जाऊन उजेडात धरले. एकच अंगठा.

त्या मुलाला बोलावलं. पंचविशीतला पोरगा, घामाघूम. दाण्या विकल्यास का, विचारलं. नाही म्हणाला. मी विश्वास ठेवला नाही आणि त्याच्याबरोबर सरोवराकाठच्या त्या वस्तीत दोन दिवस घरोघर हिंडले. दाण्या सगळ्या पोचल्या होत्या. सहा घरी त्यांच्यावर उसिपा नावाची बारकी मासळी वाळत घातली होती, ते वेगळं. याद्या तीन प्रतींत भरायच्या होत्या, दिवस संपत आला होता, लोक शेतावर गेलेले, आणि वरून निरोप होता, 'उद्यापर्यंत झालं पाहिजे.' निरोप माझ्याच कार्यालयाचा होता. शब्दही जवळपास तेच, फक्त इंग्रजीतले.

त्या तिमाहीचा अहवाल मी रोखला. खरा काय तो प्रकार लिहून कळवला. पुढचा हप्ता लांबला, माझ्यावर व्यवस्थापनात ढिसाळ असल्याचा शेरा बसला. त्या पोराला मी कामावरून काढलं नाही, याचंही स्पष्टीकरण मागवलं गेलं. काय लिहिणार होते? किनवटच्या एका माणसाने मला काढलं नव्हतं म्हणून?

झटपट चाचणीच्या पट्ट्या आल्यावर मी नोंदवहीत एक जादा रकाना घातला: निगेटिव्ह निकाल घरी सांगितला का? देणगीदाराच्या तपासणी अधिकाऱ्याने तो खोडला. करारात मान्य केलेल्या निर्देशांकांत तो बसत नव्हता. पुढच्या छपाईला मी तो पुन्हा घातला. त्यानेही पुन्हा खोडला. माणूस वाईट नव्हता. आम्ही दोघेही चिवट होतो, एवढंच. वह्या तिसऱ्यांदा छापायच्या आधी माझी मुदत संपली.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मी कायमची परतले ती लातूरला, भावाकडे. नेमक्या त्याच महिन्यात मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला येऊ लागली. भावाच्या घरात न्हाणीपासून जिन्यापर्यंत ड्रम, कळशा, टाक्या. भिंतीवर मात्र आरोग्य खात्याचं जुनं पत्रक चिकटलेलं: आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा. "इथं सगळेच दिवस कोरडे हैत," वहिनी म्हणाली. डास पाणी भरपूर असलं की होतात, तसे पाणी नसलं की साठवणीतही होतात. हे मी परिषदांतून अनेकदा सांगितलं होतं. स्वतःच्या घरात ड्रमना जुनी लुगडी बांधत बसले तेव्हा नीट कळलं.

पाऊस पडल्यावर जुलैत किनवटला गेले. आता मीटरगेज नव्हती. मामा जाऊन चार वर्षं झाली होती. मला कुणी कळवलं नव्हतं आणि मी कुणाला विचारलं नव्हतं. पाकिटात तीनशे रुपये घातले होते, व्याजाचा हिशेब करायला धीर झाला नाही म्हणून तेवढेच. मुलाने पाकीट हातात घेतलं, उघडलं नाही, परत दिलं. "बाबा सांगून गेलते, घ्यायचं नाही म्हणून."

मामांची सून गावची आशा कार्यकर्ती. चहा घेताना मला कसर वाटत होती, प्रवासाचा शीण असेल म्हणून मी दुर्लक्ष केलं. तिने केलं नाही. कपाळाला हात लावला, आत जाऊन पिशवी आणली. काचेमागे तिला पंधरा रुपये मिळतात, हेही हसत सांगितलं. मग वही उघडून विचारलं, मागच्या महिन्यात परगावी कुठे गेला होता का? मी सांगू लागले तसं तिचं पेन थांबलं. "एवढं रकान्यात मावत नाही म्याडम. लातूर लिहिते."

तिने माझं बोट आधी मुठीत धरलं. पट्टीवर थेंब टाकला, आणि काचही केली. पातळ थर वाळू दिला आणि पिशवीतून पेन्सिल काढून त्यावर नंबर घातला. पंधरा मिनिटांनी पट्टीवर एकच रेघ. माझा ताप दोन दिवसांनी आपोआप उतरला आणि मी ते विसरून गेले.

नवव्या दिवशी लातूरला फोन वाजला. अनोळखी नंबर. पलीकडे पावसाचा आवाज, मध्येच तुटणारा.

"म्याडम, किनवटहून बोलूलाले. तुमची काच आली. निगेटिव्ह हाय."